जाहिरातीचा पदर उलटा करून बघू द्या

मावशीच्या फोनवर ती जाहिरात आली दुपारी, जेवणं आटोपून ती जरा आडवी झाली होती तेव्हा. येवल्याचा माग, मागावर बसलेला विणकर, जांभळ्या पदरावर हळूहळू उमटणारे मोर आणि मागे सनई. खाली ठळक अक्षरांत: 'कारखाना बंद होत आहे. शेवटच्या दीडशे पैठण्या. फक्त ७९९ रुपये. पैसे माल मिळाल्यावर.' पैठणी आठशे रुपयांत येत नाही, हे मावशीला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण 'कारखाना बंद होत आहे' म्हटल्यावर तिला त्या विणकराची दया आली. बिचाऱ्याचा माल पडून असेल, म्हणाली आणि पत्ता भरला.

आठ दिवसांनी पार्सल आलं. आधी पैसे, मग फोडा, असं कुरिअरवाल्या पोरानं सांगितलं. त्याचाही नाइलाज असतो. आत निघाली हाताला प्लास्टिकसारखी लागणारी साडी, मोर छापलेले. शेजारच्या काकू आल्या, त्यांनी साडी हातात घेतली, पदर उलटा केला आणि काही न बोलता खाली ठेवली. अस्सल पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, कारण नक्षीतला प्रत्येक रंग शेजारच्या रंगात गुंतवून विणलेला असतो. यंत्रमागावरची नक्कल असेल तर मागे सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. मावशीच्या साडीला मागे धागेसुद्धा नव्हते, नुसती रंगाची फिकट सावली होती.

मी त्या जाहिरातीखाली लिहिलं: 'ही साडी मागवली होती, छापील पॉलिस्टर आली, घेऊ नका.' माझ्या फोनवर ते व्यवस्थित दिसत होतं. दोन दिवसांनी काकूंच्या फोनवर तीच जाहिरात उघडली तर माझी ओळ गायब. 'किंमत?', 'मला पण हवी', 'खूप सुंदर ताई', जोडलेले हात, सगळं जागच्या जागी होतं. मी तेवढा नव्हतो. नंतर कळलं की आपल्या जाहिरातीखालची प्रतिक्रिया लपवण्याची सोय जाहिरातदाराला असते आणि लपवलेली प्रतिक्रिया लिहिणाऱ्याला मात्र दिसत राहते. म्हणजे आपण लोकांना सावध केलं, या समाधानात तो झोपी जातो. मग मी 'रिपोर्ट' केलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं की ही जाहिरात आमच्या नियमांत बसते.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. पैसे घेऊन दाखवलेल्या प्रत्येक ऑनलाइन जाहिरातीवर वाचकाला उघड टीप लावता आली पाहिजे. ती टीप पुढच्या वाचकाला दिसली पाहिजे आणि जाहिरातदाराला ती पुसता येता कामा नये. माझी मागणी एवढीच आहे, पण ती कुणाच्याच सोयीची नाही.

बोलणाऱ्याचे कुळीथ खपतात आणि न बोलणाऱ्याचे गहूही खपत नाहीत, असं आपल्याकडे म्हणतात. विक्रेत्यानं बढाया मारू नयेत, असं कुणी म्हणत नाही. आठवडी बाजारात गुडघेदुखीच्या तेलाची बाटली उंच धरून ओरडणारा माणूस माझ्या लहानपणीही होता आणि त्याचं बोलणं ऐकायला मजा यायची. पण त्याच्याभोवती माणसांचं कोंडाळं असायचं, आणि त्यातलं कुणीतरी हमखास म्हणायचं, 'अहो, मागच्या सोमवारी नेलं होतं, काडीचा फरक नाही.' तेल त्यानंतरही खपायचं, जरा कमी खपायचं. विक्रेत्याला आवाज चढवावा लागायचा, उत्तर द्यावं लागायचं, फारच झालं तर गाशा गुंडाळून पुढचा बाजार गाठावा लागायचा. ऑनलाइन जाहिरातीनं विक्रेता तसाच ठेवला आणि कोंडाळं काढून टाकलं. ती मावशीला एकटीला गाठते, दुपारी, आडवी झालेली असताना. तीच जाहिरात त्याच वेळी आणखी लाखभर मावश्या बघत असतील. पण एकीचा अनुभव दुसरीच्या कानावर जाण्याची वाट नाही.

यावर सांगितला जाणारा ठरलेला उपाय म्हणजे 'रिपोर्ट करा'. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकरचा चेहरा आणि आवाज वापरून एका गेमिंग अ‍ॅपची बनावट चित्रफीत फिरली. त्याची मुलगी त्या खेळातून पैसे कमावते, असं त्याच्या तोंडी घातलेलं होतं. सचिननं जाहीर खुलासा केला आणि अशा चित्रफिती, जाहिराती आणि अ‍ॅप मोठ्या संख्येनं रिपोर्ट करा, असं आवाहन केलं. मुंबई पोलिसांनी गुन्हाही नोंदवला. सचिनचं काय चुकलं? काहीच नाही, त्याच्या हातात तेवढंच होतं. पण हाक मारली की देश ज्याचं ऐकतो, त्यालाही 'बटण दाबा' यापलीकडे काही सांगता आलं नाही, हे मला जास्त खुपलं.

बटण दाबल्यावर काय होतं? नोव्हेंबर २०२५ मध्ये रॉयटर्स वृत्तसंस्थेनं मेटा कंपनीच्या, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मालकाच्या, अंतर्गत कागदपत्रांवरून बातमी दिली. २०२४ च्या उत्पन्नातला सुमारे १० टक्के वाटा फसव्या आणि बंदी असलेल्या मालाच्या जाहिरातींतून येईल, असा अंदाज त्या कागदांत होता. 'जास्त जोखमीच्या' फसव्या जाहिराती रोज सुमारे १५ अब्ज वेळा, म्हणजे पंधराशे कोटी वेळा दाखवल्या जात होत्या. जाहिरातदार ठग असल्याची ९५ टक्के खात्री झाली तरच त्याला बंद करायचं; संशय त्याहून कमी असेल तर त्याच्याकडून जास्त दर घ्यायचा. २०२३ मध्ये वापरकर्ते फसवणुकीच्या आठवड्याला सुमारे १ लाख ग्राह्य तक्रारी करत होते आणि त्यातल्या ९६ टक्के दुर्लक्षित राहत होत्या किंवा चुकीनं फेटाळल्या जात होत्या, असंही कंपनीच्याच कर्मचाऱ्यांनी लिहून ठेवलं होतं. ही कागदपत्रं निवडक आहेत आणि १० टक्क्यांचा अंदाज ढोबळ होता, असं कंपनीचं म्हणणं. तो निम्मा धरला तरी हिशेब लागतो. तक्रार ज्याच्या कानात सांगायची, त्याचंच भाडं त्या दुकानातून येतं.

मग सरकार आणि स्वनियमन? आपल्याकडे कायदा कमी नाही. जादूटोणा छाप औषधांच्या जाहिरातींवरचा कायदा १९५४ चा आहे. जाहिरात व्यवसायानंच उभारलेली भारतीय जाहिरात मानक परिषद १९८५ पासून मुंबईत काम करते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं केंद्रीय प्राधिकरण आणलं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या खेपेला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत दंड ते करू शकतं. पण मानक परिषदेनं २०२३-२४ च्या अख्ख्या वर्षात तपासलेल्या जाहिराती होत्या सुमारे ८ हजार ३००. आता शेजारी रोजचे पंधराशे कोटी ठेवून बघा. ही मोजमापं एकाच गोष्टीची नाहीत हे मान्य, पण समुद्र आणि लोटा यांतलं अंतर दिसायला एवढं पुरे. शिवाय जी जाहिरात फक्त साठीच्या पुढच्या, सांधेदुखीबद्दल शोधणाऱ्या बायकांनाच दिसते, ती परिषदेतल्या तिशीच्या अधिकाऱ्याच्या फोनवर कधी येणार? ती ज्यांना दिसते तेच तिचे तपासनीस होऊ शकतात.

मोठ्या कंपन्यांनी आता जाहिरातींच्या उघड नोंदवह्या ठेवल्या आहेत. मेटाची जाहिरात लायब्ररी आहे, गूगलनं २०२३ मध्ये आपलं पारदर्शकता केंद्र उघडलं. कोण जाहिरात देतोय ते तिथं शोधता येतं. चांगली गोष्ट आहे. पण एसटीच्या डेपोतली तक्रार वही आठवा. दोरीनं बांधलेली, कोपरे दुमडलेली. तिच्यात आपण लिहायचो, आणि लिहिण्याआधी मागची चार पानं वाचायचो: सातची गाडी रोज आठला सुटते ही फक्त आपलीच बोंब नाही, हे तिथं कळायचं. या नव्या नोंदवह्या काचेच्या कपाटात आहेत. वाचा, लिहू नका.

लिहू देण्याचे प्रयोग झालेच नाहीत असं नाही. डिग नावाच्या अमेरिकी संकेतस्थळानं २००९ मध्ये जाहिरातींवर वाचकांना कौल देऊ दिला होता. जी जाहिरात लोकांना आवडेल तिचा दर कमी व्हायचा, जी लोक पुरून टाकतील तिचा वाढत जायचा, इतका की शेवटी ती परवडेनाशी व्हावी. कल्पना गोड होती, पण पुढं ते संकेतस्थळच घसरलं. यूट्यूबनं नोव्हेंबर २०२१ मध्ये नापसंतीचा आकडा सगळ्यांपासून लपवला. अंगठा खाली करायचं बटण राहिलं, किती जणांनी केला ते दिसेनासं झालं. कारण दिलं ठरवून केल्या जाणाऱ्या नापसंतीच्या हल्ल्यांचं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. पण घरचा नळ दुरुस्त करायला शिकवणारा व्हिडिओ बघताना तो आकडा किती कामाचा होता, ते नळ फोडून बसलेल्यांना विचारा.

मला खरा उपयोगाचा वाटतो तो ट्विटरवर, म्हणजे आताच्या एक्सवर, २०२१ मध्ये सुरू झालेला प्रयोग. आज त्याला कम्युनिटी नोट्स म्हणतात. भारतात तो एप्रिल २०२४ मध्ये, लोकसभेच्या तोंडावर आला. कुणीही सदस्य एखाद्या मजकुराखाली टीप सुचवतो, पण नुसत्या बहुमतानं ती झळकत नाही. एरवी ज्यांची मतं जुळत नाहीत, अशा लोकांनाही ती उपयोगी वाटली तरच ती सगळ्यांना दिसते. भांडणाऱ्या दोन भावांनी एकत्र येऊन 'हा दलाल लबाड आहे' म्हटलं तर आपण जसा विश्वास ठेवतो, तसं. आणि ही टीप जाहिरातींनाही लागते. बड्या कंपन्यांच्या जाहिरातींखालीही ती दिसली आहे. त्या मंचाबद्दल माझ्या बाकी तक्रारी पुष्कळ आहेत. टिपा उशिरा लागतात, कित्येक लागतच नाहीत. तरी हे एक काम त्यांनी करून दाखवलं. २०२५ मध्ये मेटानंही अमेरिकेत अशीच पद्धत आणली. राजकारण्यांवर टीप लावा, आमच्या बड्या अधिकाऱ्यांवर लावा. जाहिरातींवर मात्र नाही. जिथं पैसा येतो नेमकं तिथं लेखणी काढून घेतली.

आता विरोधातलं. सगळ्यात वजनदार आक्षेप झुंडीचा आहे आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. मार्च २०१९ मध्ये सर्फ एक्सेलची होळीची जाहिरात गाजली: एक हिंदू मुलगी रंगाचे सगळे फुगे स्वतःच्या अंगावर झेलते आणि पांढऱ्या कपड्यांतल्या मुसलमान मित्राला सायकलवरून नमाजाला पोचवते. लोक खवळले. काही जण इतके खवळले की त्यांनी मायक्रोसॉफ्टच्या एक्सेलला, त्या हिशेबाच्या अ‍ॅपला, एकेक तारा देऊन खाली ओढलं. २०१७ मध्ये स्नॅपचॅटवरचा राग असाच स्नॅपडीलवर निघाला. इथवर हसू येतं. ऑक्टोबर २०२० मध्ये तनिष्कनं आंतरधर्मीय कुटुंबातल्या डोहाळजेवणाची जाहिरात मागे घेतली, तेव्हा हसू आलं नाही. त्या जाहिरातीत खोटा दावा एकही नव्हता. लोकांना चित्र सहन झालं नाही, बस.

म्हणून मला तारे नकोत, अंगठे नकोत. जाहिरात आवडली की नाही हा प्रश्नच विचारू नये. आवडीचा कौल घेतला की चावडीवर ज्याची माणसं जास्त त्याचा गूळ गोड. विचारायचं ते पदराच्या उलट्या बाजूबद्दल. माल मागवला होता का, आला का, सांगितला तोच आला का, किंमत तीच लागली का, बारीक अक्षरांतली अट कुठली होती, दाखवलेला माणूस खरोखर तो माणूस आहे का. ज्याला धर्म आवडला नाही, पोशाख खटकला, भाषा रुचली नाही, त्यानं आपल्या भिंतीवर खुशाल लिहावं. जाहिरातीला चिकटणारी टीप दाव्याबद्दलच हवी. तीही परस्परविरोधी मतांच्या लोकांच्या चाळणीतून यावी. मागणीचा क्रमांक किंवा पावती दाखवणाऱ्याच्या टिपेला जास्त वजन द्यावं, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या भाडोत्री पोरांना काम जरा महागात पडेल. लिहिणाऱ्याचं नाव कंपनीला माहीत असावं, जाहिरातदाराला नाही. पार्सलवर मावशीचा पत्ता आणि फोन आहे हे विसरून चालणार नाही. आणि जाहिरातदाराला टिपेखाली उत्तर द्यायचा पूर्ण हक्क हवा. पुसायचा नको.

दुसरा आक्षेप बदनामीचा. उघड बोलू दिलं तर खोटं बोलून कुणाचाही धंदा बसवता येईल. बरोबर. पण आजची स्थिती काय आहे? एप्रिल २०२३ मध्ये रेवंत हिमतसिंगका या तरुणानं बोर्नव्हिटातल्या साखरेवर एक व्हिडिओ केला. तो कोटीहून जास्त वेळा पाहिला गेला. कंपनीनं मजकूर अशास्त्रीय आणि विपर्यस्त असल्याचं म्हटलं, कायदेशीर नोटीस गेली आणि त्यानं माफी मागून व्हिडिओ काढला. गोष्ट तिथंच संपायची, पण राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगानं कंपनीलाच नोटीस पाठवून दिशाभूल करणाऱ्या जाहिराती मागे घ्यायला सांगितलं. त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीनं वरून घातलेली साखर कमी केली. पुढच्या एप्रिलमध्ये केंद्रानं ई-कॉमर्स कंपन्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितली. तो एकटा होता म्हणून नोटीस त्याच्या दारी आली. डब्यामागचं कोष्टक वाचून हजार आयांनी त्या जाहिरातीखालीच 'एका कपात साखर किती?' असं लिहिलं असतं, तर हजार नोटिसा कुणी काढल्या नसत्या. खरं आणि लोकहिताचं बोलणं बदनामी ठरत नाही, हा अपवाद जुन्या दंडविधानाच्या कलम ४९९ मध्ये होता, नव्या न्यायसंहितेच्या कलम ३५६ मध्येही आहे. मात्र त्याचा आधार घ्यायला आधी कोर्टात उभं राहावं लागतं, आणि सामान्य माणूस कोर्टाची पायरी चढण्याऐवजी आपली ओळ पुसून टाकतो.

छोट्या विक्रेत्याचं काय, असंही विचारतात. पहिल्यांदाच लोणची विकायला काढलेल्या बचत गटातल्या बाईला चार वाईट टिपा झोपवतील. मला उलटं वाटतं. त्या पैठणीच्या जाहिरातीत मागावर बसलेला विणकर खरा होता. त्याची चित्रफीत बहुधा चोरलेली होती. फसली मावशी, पण बट्टा लागला येवल्याला. कोकणातल्या बागायतदारांना हे दुखणं जुनं आहे: देवगडचं नाव लावून कुठलाही आंबा विकला जातो. २०२५ च्या हंगामात देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेनं फळावर क्रमांकाचं, सोलून परत लावता न येणारं स्टिकर आणलं. म्हणजे खरं बोलणाऱ्यानं पदरचे पैसे घालून पुरावा द्यायचा आणि खोट्याची जाहिरात निर्धास्त चालायची. या व्यवस्थेत छोट्याचं भलं कुठलं?

एका गोष्टीचा मात्र मी हट्ट धरीन. टीप जाहिरातीच्या मागोमाग गेली पाहिजे. एप्रिल २०२४ मध्ये पतंजलीनं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल ६७ वृत्तपत्रांत माफीनामा छापला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं विचारलं होतं की तुमच्या जाहिराती एवढ्याच आकाराच्या होत्या का? वृत्तपत्राला निदान म्हणता येतं की त्या दिवशी आमचं पान कुणी वाचलं ते आम्हाला ठाऊक नाही. ऑनलाइन जाहिरात दाखवणाऱ्याला ते म्हणता येणार नाही. कुणी बघितली, किती सेकंद बघितली, कुठं बोट थांबलं, याची नोंद ठेवून त्यावरच तो बिल लावतो. मग जाहिरात खोटी ठरली तर ती बघितलेल्या प्रत्येकाला 'तुम्ही पाहिलेल्या जाहिरातीबद्दल ही टीप आहे' एवढं कळवणं त्याला जड नाही. आणि तीच चित्रफीत दुसऱ्या नावानं पुन्हा आली तर जुनी टीप तिच्यावर आपोआप चढावी. गाण्याच्या मालकी हक्कासाठी सारख्या चित्रफिती क्षणात ओळखणारी यंत्रणा या कंपन्यांकडे आहेच.

हे आपणहून कुणी करणार नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर आणि २०२३ मध्ये डार्क पॅटर्नवर, म्हणजे ग्राहकाला गंडवणाऱ्या पडद्यावरच्या मांडणीवर, मार्गदर्शक तत्त्वं काढली. तशीच ही काढता येतील. ठरावीक आकारापुढच्या मंचांनाच लागू करा, गल्लीतल्या वर्तमानपत्राच्या संकेतस्थळाला नको. टिपांची चाळणी नीट चालते का हे बघायला मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था घ्या. १९७५ पासून पंचायतीची सदस्य कुटुंबं संघ करून एकत्र माल मागवतात आणि आलेला माल एकत्र वाटून घेतात. एकीच्या डाळीत किडे निघाले की बाकीच्यांना त्याच संध्याकाळी कळतं. ऑनलाइन मंचांना 'आम्ही फक्त फळा पुरवतो' ही सबब पुरेल इतकी सवलत आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात आजही आहे. फळ्यावर लिहायचे पैसे घेतोस तर फळ्यासमोर उभ्या असलेल्यालाही खडू दे, एवढंच त्यांना सांगायचं आहे.

गेल्या आठवड्यात तीच चित्रफीत परत दिसली. तोच विणकर, तेच मोर, दुकानाचं नाव नवीन, किंमत ६९९. मावशीनंच फोन पुढे केला. 'मेला पदर उलटा काही दाखवत नाही बघ,' म्हणाली. खाली अकराशेच्या वर प्रतिक्रिया होत्या. सगळ्यात वरची होती: 'ताई, हिरव्या रंगात आहे का?'